धागा: कुडचडे हे नक्की कशाचं गाव? शेतीचं, रेल्वेचं की खाणीचं?

जुवारीकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, एक अडचण घेऊन आलोय. आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका निघतेय. संपादक मंडळात आमचा भाचा आहे. त्याचा फोन आला, "मामा, तू पुण्यात असतोस, तुला बरं लिहिता येईल. 'आमचा गाव' म्हणून दोन पानं दे." पुण्यात राहिलं की लिहिता येतं हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे, पण मी फुशारून हो म्हटलं.

चार दिवस झाले, पहिलं वाक्य पुरं होत नाही. "कुडचडे हे दक्षिण गोव्यातलं ......चं गाव आहे." त्या टिंबांच्या जागी काय लिहू? आजी असती तर म्हणाली असती भाताचं आणि सुपारीचं. बाबा मालधक्क्यावर कारकून होते. त्यांचं म्हणणं, रेल्वे आली नसती तर इथे कोल्हे ओरडले असते. थोरला भाऊ ट्रकवाला. त्याच्या लेखी गाव खाणींमुळे उभं राहिलं आणि २०१२ ला बसलं. एका घरात तीन गावं.

त्यात स्टेशनाची पाटी सावर्डे-कुडचडे. स्टेशन आहे कुडचड्यात, केपे तालुक्यात. सावर्डे नदीपलीकडे, सांगे तालुक्यात. गाडी थांबते आमच्या दारात आणि पाटीवर पहिला मान शेजाऱ्याला.

जाणकारांनी हात द्यावा. भाच्याला रविवारपर्यंत हवंय.

चहा_कमी_साखर

सोपं आहे. "कुडचडे हे झोपमोडीचं गाव आहे." लोंढ्याकडून येताना प्रत्येक माणूस इथे दचकून उठतो आणि विचारतो, "मडगाव आलं का?"

बोंडू

वरच्यांना अनुमोदन. मी एकदा "आलं" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून उतरलोय. पहाटे साडेपाचला. बॅगा तीन.

रुळावरचा_माणूस

रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी ह्याच लाइनवर. त्यामुळे बाबांची बाजू मी घेणार हे उघड आहे.

१८७८ ला इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला, त्यातून ही लाइन निघाली. 'पोर्तुगिजांनी रेल्वे बांधली' असं स्मरणिकेत लिहू नका, सगळेच लिहितात. बांधली इंग्रज कंपनीने. तिचं नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. ह्यातला 'गॅरंटीड' शब्द महत्त्वाचा. भांडवलावरचं व्याज पोर्तुगीज सरकारने हमीने द्यायचं, गाडी भरून धावो की रिकामी. देशावरचा कापूस आणि धान्य मुरगाव बंदरात उतरवायचं, हा हेतू. कुडचड्याच्या शेतकऱ्याचा विचार त्यात कुणीही केला नव्हता, हेही लिहा.

आता तुमच्या कामाचं. मुरगाव ते सावर्डे हा तुकडा १८८७ च्या जानेवारीत सुरू झाला. पुढे घाट फोडून कॅसलरॉकला रूळ जोडले गेले ते १८८८ ला. म्हणजे मधलं वर्षभर आगगाडीचं शेवटचं टोक तुमचं गाव होतं. बंदरातून निघालेला डबा इथे रिकामा व्हायचा, पुढे बैलगाडी. माझं मत विचाराल तर गाव त्या वर्षात जन्मलं. टोकाच्या स्टेशनाला दुकान लागतं, बैलांना गोठा लागतो, हमालाला भाकरी लागते, उधारी लिहायला वाणी लागतो. नंतर रूळ पुढे गेले, पण एकदा मांडलेलं दुकान कोण उचलतंय?

नस्ती_उठाठेव

"उधारी लिहायला वाणी" म्हणजे आमचे पणजोबा. वह्या अजून माळ्यावर आहेत. वसुलीसाठी कोणाकडे जाऊ, कंपनीकडे की लिस्बनला?

मीठ_कमी_पडलं

रुळावरच्या काकांनी करार सांगितला, पण अर्धाच. त्याच करारात गोव्याचं मीठ गेलं. मिठाच्या व्यापाराची मक्तेदारी इंग्रजांच्या हातात, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये. मिठागरांवर पहारे बसले, किती मीठ काढायचं ते दुसराच ठरवू लागला. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांवर अबकारी आली ती वेगळीच. १८९२ ला करार संपला, पण तोवर कित्येक मीठवाल्यांची घडी मोडली होती. लोक मुंबईची वाट धरू लागले. आणि मुंबईला जायला काय होतं? हीच आगगाडी. पोटावर पाय द्यायचा आणि तिकीटही विकायचं, असा तो धंदा.

रेल्वेमुळे गाव जन्मलं हे खरं असेल. गोव्याच्या खर्चाने जन्मलं हेही लिहा.

रुळावरचा_माणूस

@मीठ_कमी_पडलं, मान्य. पण मुंबईला जाणारे आधीही जात होते, बोटीने आणि पायी. सगळं खापर रुळांवर फोडू नका. आमच्या इंजिनाने कधी कुणाचं मीठ खाल्लं नाही.

मीठ_कमी_पडलं

म्हणूनच अळणी चालायचं.

कुळागर

मी सांगे तालुक्यातली, सासर-माहेर दोन्हीकडे कुळागर. चर्चा सुरू झाल्यापासून बघतेय, शेतीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. धागाकर्त्याची आजी तेवढी शहाणी.

रेल्वे येण्याआधी इथे कोल्हे ओरडत होते हे मालधक्क्यावरचं पुराण झालं. नदी होती की. भरतीचं पाणी सावर्ड्यापर्यंत चढतं, होड्या इथवर येत. आतल्या गावांतली सुपारी, नारळ, मिरी डोक्यावरून आणि बैलांवरून नदीकाठी यायची आणि पाण्याने खाली जायची. माल होता, वाट होती. रेल्वेने वाट बदलली एवढंच.

पुण्याच्या वाचकांसाठी कुळागर म्हणजे काय ते सांगते, कारण 'सुपारीची बाग' म्हटलं की लोकांना ओळीत लावलेली झाडं दिसतात. कुळागर डोंगराच्या कुशीत, ओहोळाच्या काठी असतं. वर माड, मध्ये पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरवेल, खाली केळी, त्याखाली अननस, हळद, आलं. वरच्या अंगाला ओहोळ अडवून पाटाने पाणी खाली आणायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात. उन्हाळ्यात सकाळचं काम म्हणजे पाट फिरवणं. पायाच्या अंगठ्याने मातीचा बांध फोडायचा आणि टाचेने दुसरा लावायचा. हात रिकामे, हातात चहाचा पेला.

सुपारी उतरवायला पाडेली येतो. एकदा पोफळीवर चढला की प्रत्येक झाडाला उतरत नाही. झाड हलवून झोका देतो आणि शेजारचं झाड धरून तिकडे जातो. लहानपणी मान वर करून बघताना आम्ही श्वास धरायचो. आता पाडेली मिळत नाहीत, मिळाला तर तारीख आठवडाभर आधी घ्यावी लागते, डॉक्टरसारखी. उतरलेली सुपारी आंगणात महिना-दीड महिना वाळते. सालासकट. वाजवून बघायची, आतली गोटी खुळखुळली की सोलायला तयार. आणि पावसाआधी, पावसातही, कोळेरोगासाठी मोरचूद-चुन्याची फवारणी. माझ्या सासऱ्यांच्या सगळ्या सदऱ्यांना निळे डाग होते, लग्नातल्यासुद्धा.

हा माल कुडचड्याच्या बाजारात यायचा. सुपारीची पोती, त्या पैशांतून कापड, रॉकेल, सुकं मासळी. संध्याकाळी परत. आतल्या गावांना कुडचडे हे बाजाराचं गाव. स्टेशन आहे हे आम्हाला शिट्टीवरून कळायचं.

बोंडू

ताई, सदऱ्याच्या डागांवर एक वेगळा धागा काढा. माझ्या वडिलांच्या सदऱ्यांवर काजूच्या बोंडूंचे डाग. ते तर सात जन्म जात नाहीत.

मिरज_जंक्शन

आम्ही बाहेरचे, पण ह्या लाइनवर जीव. १९७८ ची गोष्ट. पुण्याहून मोठ्या रुळाच्या गाडीने मिरजेला उतरायचं, ट्रंका, वळकट्या, पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन धावत छोट्या रुळाच्या गाडीत जागा पकडायची. हे सगळं रात्री. आई आम्हा भावंडांना मोजायची, बाबा ट्रंका मोजायचे. दोघांचे आकडे जुळले की गाडी हलायची.

मग पहाटे घाट. कॅसलरॉकला चहा, त्याच्या चवीत कोळशाची भुकटी. दूधसागर आला की अख्खा डबा एका बाजूला. आणि खाली उतरून सपाटीला लागलं की पहिलं गावासारखं गाव म्हणजे कुडचडे. मे महिना. खिडकीशी बायका, डोक्यावर पाट्या, पानाच्या द्रोणात लालपिवळे बोंडू. मी अधाशासारखा चावला, घशाला खाज सुटली, सदऱ्यावर ओघळ आला (हो, गेला नाही). तेव्हापासून माझ्यासाठी कुडचडे हे काजूचं गाव. टिंबांच्या जागी हेही लिहून बघा.

सांगेकरीण

सगळं ऐकलं. पण रेल्वेचं गाव म्हणाल तर ते कुळे, कुडचडे नव्हे. कुडचड्यात रेल्वे आहे. कुळे रेल्वेतच आहे. गावात अर्धी घरं रेल्वेच्या क्वार्टर्स, बाकीची अर्धी रेल्वेवाल्यांना दूध-भाजी पुरवणाऱ्यांची. पोर्तुगीज काळात इथे आल्फांद होतं, म्हणजे जकात नाका. तिकडे कॅसलरॉकला इंग्रजांची तपासणी, इकडे कुळ्याला ह्यांची. माणूस तोच, ट्रंक तीच, दोन राज्यं ती दोनदा उघडायची. आजीची एक मावशी बेळगावहून दोन नव्या साड्या आणायची तर घाटातच दोन्ही एकावर एक नेसून बसायची. नेसलेल्या साडीवर जकात नाही.

आणि डॉ. राममनोहर लोहिया. मडगावची १८ जून १९४६ ची सभा सगळ्यांना ठाऊक. त्याच वर्षी सप्टेंबरात ते परत आले ते रेल्वेने, आणि त्यांना पकडलं ते कुळे स्टेशनावर. तिथून आग्वादच्या तुरुंगात. स्मरणिका कुडचड्याची असली तरी एक ओळ कुळ्याला द्या.

नस्ती_उठाठेव

दोन साड्या नेसून मे महिन्यात मीटर गेजच्या डब्यात. ह्या बाईंच्या नावाने चौक हवा.

रुळावरचा_माणूस

सांगेकरीण ताईंशी वाद नाही. कुळे म्हणजे घाटाचा पायथा. पुढे कॅसलरॉकपर्यंत चढ ३७ ला १. म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की १ फूट वर. कागदावर किरकोळ वाटतं, पण रेल्वेच्या हिशेबात ही भिंत आहे. म्हणून कुळ्याला गाडीला जादा इंजिनं लागतात, आम्ही त्यांना बँकर म्हणतो. मागून ढकलणारं इंजिन. मुलं विचारायची, "काका, पुढचा ओढतो तर मागचा काय करतो?" मी सांगायचो, घरात वडील असतात तसा.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड. कॅसलरॉकला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडत नाहीत. उतारावर जागोजाग फसवी लाइन असते. ताबा सुटलेली गाडी तिच्यावर वळवायची, ती चढाची असते, गाडी दमून थांबते. पावसाळ्यात दरड वेगळी. २३ जुलै २०२१ ला मंगळुरू-मुंबई गाडी दूधसागर आणि सोनालियमच्या मध्ये दरडीने घसरली. कोकण रेल्वेचा मार्ग बंद म्हणून इकडून वळवलेली होती. माणसं वाचली.

चहा_कमी_साखर

"घरात वडील असतात तसा." काका, हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या बाबतीत ब्रेक तपासायला हवेत.

ट्रक_उभा_आहे

धागाकर्त्याच्या भावाची बाजू घ्यायला कुणीच नाही म्हणून लिहितो. मी स्वतः दोन ट्रकांचा मालक होतो.

खाणवाल्यांना शिव्या द्यायला सगळे पुढे, पण हिशेब बघा. खनिज खाणीतून निघायचं, ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जने मुरगावला, तिथून जहाज. आधी जपान, २००० नंतर चीन. गंमत ही की एवढी रेल्वे दारात असून आमचं खनिज मुख्यत्वे नदीनेच गेलं. रेल्वेच्या वॅगनमधून खनिज जायचं ते कर्नाटकातलं, होस्पेट-बळ्ळारीकडचं, आमच्या नाकासमोरून. म्हणजे कुळागर ताईंची नदीच शेवटी जिंकली.

सावर्डे-कुडचड्याचा रस्ता तेव्हा बघायला हवा होता. एकामागे एक ट्रक, पुलावर रांग, सगळीकडे लाल धूळ. झाडांची पानं लाल, कपडे लाल, कुत्री लाल. बायको घरात दिवसातून तीनदा पुसायची. पण घरही त्याच धुळीने बांधलं. ट्रक, गॅरेज, टायरवाले, पंक्चरवाले, खानावळी, बँकेचे हप्ते.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२, एका महिन्यात सगळं बंद. आधी सरकारचा आदेश, मग सर्वोच्च न्यायालयाचा. २०१५ ला थोडं हललं, मार्च २०१८ ला परत बंद. माझा एक ट्रक भंगारात गेला, एक अजून उभा आहे. त्याच्या हौद्यात आईने भेंडी लावली होती. आली छान.

कुळागर

@ट्रक_उभा_आहे, बाब, तुमचं दुःख कळतं. पण त्या लाल धुळीचं पावसात काय व्हायचं ते शेताला विचारा. डोंगरावरचा मातीचा ढीग पहिल्या पावसात खाली. माझ्या मामाचं शेत, पावसाळ्यात सरद आणि हिवाळ्यात वायंगण अशी भाताची दोन पिकं देणारं. एका पावसाळ्यात त्यावर लाल गाळाची साय धरली, दुधावर धरते तशी. वाळल्यावर भेगा, भेगांत भात पिवळं. पुढच्या वर्षी परत. भरपाईचे पैसे मिळाले एकदा-दोनदा. मग मामाने बैल विकले. भरपाईत बैलाचा खुराक येत नाही.

ट्रक_उभा_आहे

खरं आहे ताई. मी नाही म्हणत नाही. आमचंही शेत होतं.

चांदरकार

अलीकडचं कुणी बोललं नाही, मी बोलतो. आमच्या गावातून हीच लाइन जाते. १ नोव्हेंबर २०२० ची रात्र. रेल्वेच्या दुपदरीकरणाच्या विरोधात चांदरच्या रुळांवर हजारो माणसं बसली होती. मेणबत्त्या, घुमट वाद्यं, गाणी. म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन आली होती. मागणी एकच, "आमकां कोळसो नाका." १८८७ ला देशावरचा माल बंदराकडे न्यायला रूळ घातले, आता बंदरातला कोळसा देशावर न्यायला दुसरा रूळ. मधले आम्ही तेव्हाही कुणी विचारले नव्हतो. मे २०२२ मध्ये कॅसलरॉक ते कुळे टप्प्याची वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

रुळावरचा_माणूस

एकेरी लाइनवर क्रॉसिंगसाठी पाऊण पाऊण तास उभं राहणारे प्रवासी पण माणसंच आहेत, चांदरकारबाब. दुसरा रूळ म्हणजे कोळसाच असं नाही.

चांदरकार

काका, पाऊण तास थांबायची आमची तयारी आहे. धूळ खायची नाही.

खोटा_शिक्का

पाटीचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. पाटीवर कोकणी नाव हवं की मराठी? सावर्डें की सावर्डे? १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार

संपादक (धागापाल)

खोटा_शिक्का, तुमचा प्रतिसाद अर्धा तोडला आहे. ह्या विषयावर आपल्याकडे अकरा धागे आहेत आणि त्यातले नऊ कुलूपबंद. इथे अनुस्वारावरून मारामारी नको.

नस्ती_उठाठेव

अनुस्वार डोक्यावर घेतला तर कोकणी, उतरवला तर मराठी. गाडी दोघांसाठी उशिराच.

ऊस_डोंगा

शेतीत ऊस कुणी काढला नाही. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना, गोव्यातला एकमेव, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर, त्यांच्या काळातलं स्वप्न, म्हणून त्या जागेचं नावच दयानंदनगर. सांगे-केप्याकडच्या कित्येकांनी भातशेती मोडून ऊस लावला. २०१९ नंतर तिथे गाळप झालं नाही. ऊस लावलेला माणूस एका वर्षात मागे फिरू शकत नाही, खोडवा तीन-तीन वर्षं उभा असतो. एकूण आमच्या भागाचं असं आहे, काही लावलं आणि ते जमलं की वरून कुणीतरी स्विच बंद करतं. मीठ, रेल्वे, खाण, ऊस.

बोंडू

रेल्वे कधी बंद झाली? ६१ ला?

रुळावरचा_माणूस

नाही, आधी. १९५५ ला. भारताने नाकेबंदी केली तेव्हा कॅसलरॉकवरून गोव्यात येणारी गाडी थांबली, ती मुक्तीनंतर परत सुरू झाली. त्या काळात गोव्यातल्या गोव्यात गाडी धावायची, मुरगाव ते कुळे. शेपटी कापलेल्या पालीसारखी.

माझे वडील तेव्हा इथे गँगमन होते. सांगायचे, बेळगावची भाजी बंद, बटाटे-कांदे कराचीहून आणि कुठून कुठून बोटीने यायचे. स्टेशनावर बसून लोक रुळांकडे बघत. काही येणार नाही हे माहीत असून.

सांगेकरीण

माझे सासरे म्हणायचे, त्या सहा वर्षांत कुडचडेकरांनी परसात परत मिरच्या-वांगी लावली. गाडी आली आणि परत सोडली.

जुवारीकाठचा

इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. कुळागर ताईंचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. तिने मला जे सांगितलं ते मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

नदीकडे उतरताना आमचं एक शेत आहे. मी समजत होतो आजोबांचं. ते आजोबांचं नव्हतंच. आजोबा भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, शेत कसायचे, ह्या शेताच्या शेजारचं. कूळ कायदा आला तेव्हा त्यातलं जे मिळायचं ते चुलत्यांच्या वाटणीत गेलं. हे शेत बाबांनी विकत घेतलं, मालधक्क्याच्या पगारातून. महिन्याला थोडे थोडे आजीकडे द्यायचे, ती तांदळाच्या पिंपात ठेवायची. म्हणजे आजी ज्याला "आमचं शेत, आमचं भात" म्हणायची ते रेल्वेचं होतं.

मग मी भावाला फोन केला. त्याने ट्रक घेतला तेव्हा बँकेला तारण काय दिलं? तेच शेत. धंदा वाढला तेव्हा त्याच शेताच्या रस्त्याकडच्या अर्ध्यात भर घातली, तीही खाणीची लाल माती, ट्रक उभे करायला. २०१८ नंतर ट्रक विकला. उरलेल्या अर्ध्यात भात होईना, गाळाने, तर भरीच्या कडेने त्याने केळी लावली. मी दरवर्षी गणपतीत ती केळी खातो आणि कधी विचारलं नाही कुठली.

मिरज_जंक्शन

अहो, झालं की तुमचं दोन पानांचं काम. हाच शेताचा तुकडा लिहा.

मीठ_कमी_पडलं

आणि त्याआधी भाटकाराकडे ते शेत कुठून आलं हेही लिहा. गावकारीची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, जमीन असणार.

चहा_कमी_साखर

ह्यांना कुणीतरी आवरा. शाळेची स्मरणिका आहे, जमिनीचा दावा नाही.

ट्रक_उभा_आहे

@जुवारीकाठचा, तुमच्या भावाला मी ओळखत असेन कदाचित. नाव सांगू नका इथे. भरीच्या मातीत केळ चांगली येते, फक्त शेण दुप्पट घालायला सांगा. त्या मातीत खायला काही नसतं.

रुळावरचा_माणूस

तुमचे बाबा मालधक्क्यावर कोणत्या साली होते? मी १९८१ ला काही महिने कुडचड्याला होतो. तिथे एक कारकून होते, दुपारी डबा खाऊन झाला की पोत्यातून सांडलेलं धान्य वेचून एका डब्यात भरायचे. आम्ही विचारलं तर म्हणाले, "आवयक चिमण्यांक घालूंक जाय." (आईला चिमण्यांना घालायला हवं.) तेच असतील असं नाही म्हणत.

जुवारीकाठचा

काका, आजीच्या चिमण्यांचा डबा डालड्याचा होता. पिवळा, माडाचं चित्र.

रुळावरचा_माणूस

डालड्याचाच.

जुवारीकाठचा

भाच्याला साडेसहा पानं पाठवली. उत्तर आलं, "मामा, दोन सांगितली होती. स्टेशनाचा फोटो टाकायचा असेल तर पान उरत नाही." मी म्हटलं फोटो काढून टाक. तो म्हणतो मुख्याध्यापकांना फोटो हवाच, पाटीसकट. आता पाटीवर सावर्डे आधी दिसणार म्हणून कमिटीतले दोघे रुसलेत.

भाऊ विचारतोय, घड उतरलाय, पुण्याला येणारं कुणी आहे का?

नस्ती_उठाठेव

मी शुक्रवारी निघतोय. केळी सालदाटी की रसबाळी?

जुवारीकाठचा

सालदाटी. पिशवी मोठी आणा.